शेळीच्या मोलाचा चाकू

"त्या पैशात गाभण शेळी आली असती!"

मंडळी, ऐका! हे वाक्य माझं नाही हो. मी पदर खोचून, झांज हातात घेऊन उभी राहते न राहते तोच ह्या खांबाच्या आडून कानावर आलं. ताई हळूच बोलल्या होत्या. शेजारचे म्हणाले, "गप गं, कीर्तन सुरू होतंय." ताई म्हणतात, "होऊ दे सुरू! एवढासा मिटता चाकू, खिशात मावतो, आणि किंमत ऐकली तर माणूस खाली बसतो! घरात विळी आहे, कोयता आहे, सुरी आहे — आणि ह्यांना चाकू हवा!"

नावं मी घेत नाही. एक मान खाली गेलीय, तेवढ्यावर भागवू.

पण ताई, तुमचे उपकार झाले! मी घरून निघाले होते राजाचं आख्यान घेऊन. त्यात हत्ती होते, सोन्याच्या अंबाऱ्या होत्या. असू देत. हत्तींना म्हणावं, जरा देवळाबाहेर उभे राहा बाबांनो, आज आत चाकू आलाय!

तर प्रश्न असा — महागाचा चाकू घ्यावा की न घ्यावा? हसू नका! देवाच्या दारात हा प्रश्न लहान नाही. विकणाऱ्याला विचारा. तो म्हणतो — बाई, पोलाद परदेशी आहे. मूठ अक्रोडाच्या लाकडाची. पातं उघडलं की टक्कन बसतं, बोटावर मिटायचं नाव नाही. जन्मभर टिकेल! घेणाऱ्याला विचारा. तोही तेच म्हणतो, जन्मभर टिकेल! आणि त्याच्या बायकोला विचारा. ती म्हणते — कुणाच्या जन्मभर? ह्यांच्या की माझ्या?

म्हणजे बघा, तिघांनीही चाकूच पाहिला. तो कुणाच्या हातात जाणार, हे कुणी पाहिलं? मी शाळेत फारशी गेले नाही, माझी ओवी घरचीच असते, गोड करून घ्या —

पोलादाची धार । दिसे सर्वां डोळां ।
हाताचा जिव्हाळा । कोण पाहे?

मोडकबुवा, पेटी जरा खाली घ्या. गोष्टीला सुरुवात करते.

घाटाखाली कोंडखोल नावाचं गाव. गावात विश्रामनाना घाडी. नाव विश्राम — आणि माणसाला जन्मात विश्राम नाही! आंब्याची कलमं बांधायची, हा त्यांचा धंदा. घराच्या मागल्या अंगाला मांडव, मांडवाखाली पिशव्यांतून रोपं. पाऊस लागला की नाना पाटावर बसायचे, मांडीवर पिशवी घ्यायचे आणि सुरू! कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची. चांगल्या झाडाची काडी घ्यायची, तिला दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची. ती पाचर त्या चिरेत बसवायची, वर पट्टी गुंडाळायची. झालं कलम! ऐकायला सोपं आहे. पण पाचर सपाट हवी हो! एका ओढीत कापलेली हवी. जरा लाट आली की मध्ये हवा राहते, आणि काडी वाळते. दोन जीव जोडायचे तर मध्ये हवा चालत नाही. हे कलमाचं सांगतेय हं! तुम्ही सासवा-सुना एकमेकींकडे कशाला बघताय?

नानांच्या घरात माणसं तीन. नाना, त्यांची बायको द्वारकाकाकू आणि सून रेवती. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवायचा. रेवती गुणाची. कामाला वाघीण. पण तिच्यात एक खोट होती. खोट म्हणजे काकूंच्या मते हं! पोर डावखुरी होती.

आता काकूंचा नेम काय? डाव्या हाताने वाढायचं नाही. डाव्या हाताने बी टाकायचं नाही. आणि कलमाला तर डावा हात लावायचाच नाही! "डाव्या हाताचं कलम धरत नाही," असं त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं. सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. मुळात कुणी सांगितलं? एखाद्या उजव्याने सांगितलं असेल!

नानांनी रेवतीला कलम शिकवलं. पण काकू उंबऱ्यात उभ्या. "उजव्या हाताने गं, उजव्या!" रेवती बिचारी उजव्या हातात चाकू धरायची, आणि पाचर व्हायची माझ्या अक्षरासारखी! शेवटी तिच्या वाट्याला पिशव्या भरणं आणि पट्ट्या गुंडाळणं तेवढं आलं. पट्ट्या मात्र अशा गुंडाळायची — नाना म्हणायचे, "हिने बांधलेलं पावसाच्या बापालासुद्धा सुटणार नाही."

त्या घराच्या अंगणात एक आंबा होता. हापूस नाही हं! रायवळ. त्याचं नाव वेलच्या. कापला की वेलदोड्याचा वास सुटायचा. अख्ख्या पंचक्रोशीत तसं दुसरं झाड नव्हतं. द्वारकाकाकू नवरी म्हणून त्या घरी आल्या, तेव्हा माहेरच्या आठवणीने रडून रडून त्यांचे डोळे सुजलेले. कुणाशी बोलेनात, जेवेनात. तर नाना — तेव्हाचे तरणे नाना! — काही न बोलता ह्या झाडाचा एक आंबा त्यांच्यापुढे ठेवून गेले. काकूंनी तो खाल्ला. आणि मग दुसरा आहे का, म्हणून विचारलं! सासरी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य ते. संसार असा सुरू होतो, मंडळी. पत्रिका नंतर.

तर हा वेलच्या आता म्हातारा झाला होता. खोडाला कीड लागलेली. नाना दर पावसात त्याची कलमं बांधायचे. आणि पूर्वी हात लावतील ते कलम धरायचं हो! पण अलीकडे वाळायला लागली. एक वाळलं, चार वाळली, मांडवातली रांगच्या रांग वाळली.

"काडी जून होती," काकू म्हणाल्या.

"पाऊस फार झाला," रेवती म्हणाली.

"चाकूच गेला माझा," नाना म्हणाले. "धार धरत नाही."

ह्याच सुमाराला त्या घरात आणखी काही बारीक गोष्टी झाल्या. नानांना चहा बशीत ओतून प्यायची सवय होती. एक दिवस काकूंनी कपबशी फळीवर ठेवून दिली आणि चहा पेल्यात द्यायला लागल्या. तोही अर्धा! म्हणाल्या, "बशा धुवायचा कंटाळा येतो." नाना दोन्ही हातांत पेला धरून प्यायला लागले. देवाला गंध लावताना नाना म्हणायचे, "रेवती, तूच लाव गं, मला चष्म्यातून दिसत नाही." रेवती लावायची. चष्मा चांगला होता.

कळलं ना तुम्हाला? मान हलवताय, म्हणजे कळलं. पण त्या घरात ते कुणी तोंडाने म्हटलं नाही. काकूंनी नाही, रेवतीने नाही. मग मी परकी बाई कशी म्हणू? मीही म्हणत नाही.

त्या वर्षी तालुक्याला शेतीचं प्रदर्शन भरलं. नाना गेले. आले ते रिकाम्या हातांनी. आणि थोड्या दिवसांनी पोस्टमन एक खोका घेऊन दारात! काकूंना वाटलं, बोटीवरच्या मुलाने काही धाडलं. उघडून बघतात तर मिटता चाकू! खास कलमाचा. परदेशी. टक् — उघडला. टक् — मिटला.

"केवढ्याला?" काकूंनी विचारलं.

नानांनी आकडा सांगितला. काकू भिंतीला टेकल्या.

"अहो, त्या पैशात गाभण शेळी आली असती!"

बघा ताई! तुमचंच वाक्य. मी म्हटलं ना, उपकार झाले.

"शेळी आली असती तर दुधाचा चहा मिळाला असता. हा चाकू काय दूध देणार आहे?"

"शेळीने पाचर करता येत नाही," नाना म्हणाले.

"मग करा पाचर!"

"करू. वेळ येऊ दे."

आणि मंडळी, गंमत बघा! नाना त्या चाकूने काही कापीचनात! सकाळी खिशातून काढायचा, उघडायचा, मऊ फडक्याने पुसायचा, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, मिटायचा, पुन्हा खिशात. काम मात्र जुन्याच चाकूने. काकू म्हणायच्या, "चाकू आहे की जावई? नुसती सरबराई!" गावात टपरीवर तर विषयच झाला. एक म्हणे, "नाना, दाखवा तरी!" दुसरा म्हणे, "हात लावू नको रे, शेळी लाथ मारील!" नाना हसायचे. टक् उघडायचा, टक् मिटायचा.

आणि मग वैशाखात वादळ आलं.

एकच झोत आला आणि वेलच्या मुळासकट कलंडला. कुंपणाच्या दगडी गडग्यावर आडवा पडला. काकू बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. खोडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मोठ्या माणसाच्या अंगावरची शाल नीट करावी ना, तसा फांदीवरचा पाचोळा काढायला लागल्या.

नानांनी वाकून पाहिलं. मुळांचा एक पंजा अजून मातीत होता. त्या जोरावर एक फांदी हिरवी होती. एकच! नाना म्हणाले, "पहिला पाऊस पडेपर्यंत ही जगेल. हिच्या काड्या काढू. पण बाई, ह्या वेळी धरलं तर धरलं. नाहीतर वेलच्या संपला."

काकू एवढंच म्हणाल्या, "धरेल. तुमचा हात आहे."

काय बोलल्या बघा! खोटंही नाही, खरंही नाही. पन्नाशी उलटलेला संसार असल्याच वाक्यांवर चालतो, होय ना? हसताय कशाला, तुमचाही चालतो!

पाऊस लागला. नानांनी निम्म्या काड्या काढल्या आणि जुन्या चाकूने कलमं बांधली. रेवतीने पट्ट्या गुंडाळल्या. काकू रोज सकाळी मांडवात जाऊन बघायच्या. काडीवरच्या कोंबाचा डोळा फुगतोय का? हिरवं दिसतंय का? आधी काड्यांचा रंग गेला. मग सुरकुत्या पडल्या. मग हात लावला की मोडायला लागल्या. सगळ्या!

"पट्टी सैल झाली असेल माझी," रेवती म्हणाली.

ऐकलंत? जिची पट्टी पावसाच्या बापालाही सुटत नाही, ती पोर म्हणते, माझी पट्टी सैल झाली!

त्या दुपारी नाना आडवे झाले होते. सदरा खुंटीला. सदऱ्याच्या खिशात चाकू. रेवतीला राहवलं नाही. तिने तो काढला, मागल्या दारी गेली, पेरूची एक डहाळी घेतली. आजूबाजूला काकू नाहीत ना, हे पाहिलं — आणि डाव्या हातात चाकू धरून ओढला. सर्रर्र! एक ओढ. डहाळीचा काप असा लखलखीत, की तोंड बघावं! ती चकित झाली. पुन्हा ओढला. पुन्हा तसाच! जन्मात पहिल्यांदा तिच्या हाताला चाकूने हो म्हटलं होतं.

मग तिने पातं उलटंपालटं करून पाहिलं. कसं असतं, कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाला असते. एक अंग सपाट, एक उतरतं. उजव्या हाताचा चाकू वेगळा, डाव्या हाताचा वेगळा. उलट्या हातात धरला की पातं वाट सोडून लाकडात शिरतं. आणि हा चाकू — हा डाव्या हाताचा होता!

ती धावत काकूंकडे गेली. "आई, नानांना फसवलं हो! उजव्या माणसाला डाव्या हाताचा चाकू दिला! म्हणूनच वापरत नाहीत ते. कळलं असणार त्यांना, आणि लाजेने बोलत नसणार!"

काकूंनी कपाळाला हात लावला. "एवढे पैसे घालून? अगं बाई! बोलू नकोस हं त्यांना. जेवायचे नाहीत दोन दिवस." मग काहीतरी आठवून थांबल्या. "पण तुला कसं कळलं गं डाव्या हाताचा आहे ते?"

रेवती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागली.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या पेरूच्या डहाळीकडे पाहिलं. काप आरशासारखा. इतकी वर्षं कलमवाल्याच्या घरात काढलेली बाई ती, काप ओळखणार नाही? पण डहाळी घेतली आणि चुलीत घातली.

आता मोजा, त्या घरात न बोललेलं किती साठलं! एक ते जुनं, नानांचं. दुसरं, चाकू डाव्या हाताचा आहे. तिसरं, सुनेचा डावा हात गुणाचा आहे. तीन माणसं आणि तिघांच्या तोंडात मिठाच्या गुळण्या! घरात शांतता कशी छान! अशी शांतता असलेल्या घराबद्दल लोक म्हणतात — किती समजूतदार माणसं!

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी फांदीवरच्या उरलेल्या काड्या काढल्या. फांदी सुकायला लागली होती. एवढ्याच काड्या, ह्यानंतर नाहीत. मांडवात पाट मांडला आणि हाक मारली, "द्वारका! रेवती! दोघी इकडे या."

दोघी आल्या. पाट रिकामा. नाना बाजूला उभे.

"रेवती, बस पाटावर."

रेवती बसली. नानांनी खिशातून चाकू काढला. टक्. उघडला आणि मूठ तिच्यापुढे धरली.

काकू सवयीने म्हणाल्या, "हातात नका देऊ, भांडण होतं. खाली ठेवा, ती उचलेल."

"आज हातातच देतो," नाना म्हणाले. "भांडण झालं तर होऊ दे एकदाचं."

रेवतीने उजवा हात पुढे केला. नाना म्हणाले, "तो नाही. दुसरा."

 काकू पुढे झाल्या. "अहो! माझ्या वेलच्याला डावा हात?"

"उजव्या हाताने वाळवलेला बघितलास ना? आता डाव्याने जगवलेला बघ."

रेवतीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. म्हणाली, "नाना, रागावू नका. तुम्हाला त्या दुकानदाराने फसवलं. हा चाकू डाव्या हाताचाच आहे."

आणि नाना हसले हो! कितीतरी दिवसांनी मोकळे हसले.

"फसवलं कुणी? मी डाव्या हाताचाच मागवला. प्रदर्शनातल्या दुकानात नव्हता. तो म्हणाला, वेगळा मागवावा लागेल, महाग पडेल. मी म्हटलं, पडू दे. रेवती, हा तुझा चाकू आहे. पहिल्या दिवसापासून तुझाच. मी नुसता सांभाळत होतो. द्यायचं धाडस होईना."

थांबा, मोडकबुवा, पेटी नको आत्ता.

मंडळी, तुम्हाला घोर लागला असेल, कलम धरलं का? ते आधी सांगून टाकते, म्हणजे घरी जाऊन नीट जेवाल. धरलं! सगळी नाही, पण धरलं. डोळा फुगला, तांबूस पानं फुटली. काकूंनी त्या रोपाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि त्याच हाताने सुनेची काढली. सुनेच्या डाव्या हातावरून मूठ जरा जास्तच वेळ फिरवली, म्हणतात. आणि ह्या देवळामागचा तो आंबा, ज्याच्या कैऱ्या तुमची पोरं दगड मारून पाडतात ना? तो त्याच वेलच्याचं कलम. आजच्या प्रसादात त्याच्याच फोडी आहेत. वास घेऊन बघा.

मग चाकू महाग होता का? खांबाजवळच्या ताई, तुम्हीच सांगा. नुसता खिशात मिरवायला असेल तर शेळी बरी! मी तुमच्या बाजूने आहे. धार कितीही परदेशी असो, हात चुकीचा असेल तर फुकट मिळाला तरी महाग. पण जो चाकू योग्य हातात जातो, त्याची किंमत दुकानदाराला कुठली कळायला? आणि खांबाजवळचे दादा, तुम्हीही जरा विचार करा बरं. तुमच्या खिशातला तो चाकू मुळात कुणाच्या हातासाठी घेतलाय?

आणि तुम्ही बाकीचे! चाकू आपण घेतला नाही म्हणून सुटलात असं समजू नका. तुमच्याही घरात कपबशी फळीवर गेलेली असेल. कुणाला ऐकू येत नसेल आणि सगळे उगाच मोठ्याने बोलत असतील. कुणाला हिशेब लागत नसेल, कुणाला नावं आठवत नसतील. सगळ्यांना ठाऊक, आणि सगळे म्हणतात, पाऊस फार झाला, काडी जून होती, पट्टी सैल होती. मायेने म्हणतात हो! मायेचंच असतं ते. पण मध्ये हवा राहते. आणि हवा राहिली की काय होतं, ते मघाशी सांगितलं.

आता परत मांडवात चला. तिघं तिथेच आहेत अजून. रेवतीच्या डाव्या हातात चाकू आहे. नाना पाटाशेजारी उभे आहेत. आणि द्वारकाकाकू — ज्यांना उत्तर ठाऊक आहे, ज्यांनी स्वतः बशा फळीवर ठेवल्या, ज्यांनी चहा अर्धा केला — त्या काकू आज पहिल्यांदा नवऱ्याच्या डोळ्यात बघून विचारतात, "का हो? तुम्ही असताना तिच्या हाताचा चाकू कशाला?"

नानांनी आपला उजवा हात पुढे केला. बोटं पसरली. लपवला नाही, दुसऱ्या हाताने धरला नाही. तसाच दोघींच्या पुढे धरून ठेवला. आणि म्हणाले,

"माझा हात थरथरतो, द्वारका."